पावती आली, मापाचं काय?

प्रति,
माननीय मंत्री महोदय,
सामाजिक न्याय व विशेष साहाय्य विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

विषय : मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून घेतल्या जाणाऱ्या काठ्या, कुबड्या आणि वॉकर मापाने मिळण्याबाबत.

महोदय,


फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य सरकारने मुख्यमंत्री वयोश्री योजना जाहीर केली. वय 65 किंवा त्याहून अधिक, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 2 लाख रुपयांच्या आत, आणि आधारशी जोडलेलं बँक खातं. एवढं जुळलं की 3,000 रुपये एकरकमी थेट खात्यात. त्यातून चष्मा, श्रवणयंत्र, ट्रायपॉड म्हणजे तीन पायांची काठी, फोल्डिंग वॉकर, कमोड खुर्ची, गुडघ्याचा किंवा कमरेचा पट्टा अशा वस्तू घ्यायच्या आणि 30 दिवसांच्या आत खरेदीचं बिल पोर्टलवर चढवायचं. ठेकेदार मधे नाही, गोदामात पडून राहणारा माल नाही, वाटपाच्या मंडपात तासन् तास ताटकळणं नाही. योजनेची ही बाजू चांगलीच आहे आणि ती आधी मान्य करायला हवी.

प्रश्न बिलाच्या पुढचा आहे. बिलावरून वस्तू घेतली हे कळतं. ती घेणाऱ्याच्या अंगाला बसते का, हे त्यावरून कळत नाही. यादीतल्या पहिल्या वस्तूबाबत, म्हणजे चष्म्याबाबत, ही शंका कोणालाच येत नाही, कारण डोळे तपासून नंबर काढल्याशिवाय चष्मा कोणी घेत नाही. काठीलाही तसाच नंबर असतो, तो सेंटिमीटरमध्ये मोजतात. तो मात्र कोणी काढत नाही.

दुकानात काय घडतं, हे तालुक्याच्या बाजारपेठेत एखाद्या सर्जिकलच्या दुकानासमोर तासभर उभं राहिलं तरी दिसेल. मुलगा किंवा नातू येतो. ज्या आजींसाठी काठी हवी त्या घरीच असतात. चालवत नाही म्हणून तर काठी घ्यायची, त्यांना बाजारात कशाला दमवायचं? दुकानदार विचारतो, साधी देऊ की चार पायांची? चार पायांची जास्त भक्कम दिसते, म्हणून बहुतेक वेळा तीच घेतली जाते. आजींची उंची किती, दुखणं कोणत्या पायाचं, मूठ धरता येईल इतकी बोटं मिटतात का, घराला उंबरठे किती, या चौकशीला तिथे सवड नसते. काठीच्या नळीवरचं बटण ज्या भोकात असतं तिथेच राहतं. आजोबा गेल्यावर तीच काठी आजींच्या हातात येते तेव्हाही ते हलत नाही. आणि काहीच न घेता निभावणारेही पुष्कळ. कोकणात नि घाटावर लांब दांड्याची छत्री टेकत चालणारे आजोबा गावोगाव दिसतात. त्या छत्रीचा दांडा अंगाचा भार पेलण्यासाठी केलेला नसतो, आणि खालचं टोक गुळगुळीत फरशीवर सरकतं.

म्हातारपणी पडणं ही घरगुती, किरकोळ बाब समजली जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे 6 लाख 84 हजार माणसं पडून दगावतात. त्यातले 80 टक्क्यांहून अधिक मृत्यू कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतले, आणि वयोगट पाहिला तर साठीच्या पुढचे लोक सर्वांत जास्त. जे वाचतात त्यांच्यातल्या कित्येकांचं खुब्याचं हाड मोडलेलं असतं. मग शस्त्रक्रिया, महिनोन् महिने अंथरूण, आणि घरातल्या कोणा एकाची सुटलेली नोकरी किंवा बुडालेली मजुरी.

आधाराचं साधन हातात असलं म्हणजे हा धोका टळतो, असंही नाही. अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांत 2001 ते 2006 या काळात आलेल्या रुग्णांच्या नोंदींचा एक अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. काठी किंवा वॉकर वापरताना पडून जखमी झालेले 65 वर्षांवरचे सरासरी 47,312 लोक तिथे दरवर्षी उपचारांसाठी येत होते. त्यातल्या सुमारे 87 टक्के लोकांच्या हातात वॉकर होता. वॉकर घेणारा माणूस मुळातच अधिक अशक्त असतो, त्यामुळे सगळा दोष वॉकरच्या माथी मारता येणार नाही. पण साधन हाती देऊन काम संपत नाही, हे या आकड्यांतून पुरेसं स्पष्ट होतं.

महोदय, माप घेण्याची रीत सांगायला दोन मिनिटं पुरतात आणि तिला लागतो फक्त शिंप्याचा टेप. ज्या चपला रोज पायात असतात त्या घालून माणसाला सरळ उभं करायचं. दोन्ही हात सैल सोडायचे. मनगटाच्या आतल्या बाजूला जी आडवी घडी पडते तिथपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजायचं. काठीची मूठ त्या उंचीवर आली पाहिजे. मूठ धरल्यावर कोपर किंचित, म्हणजे 15 ते 30 अंशांत वाकतो. काठी यापेक्षा उंच असली तर खांदा वर उचलला जातो, कोपर जास्त दुमडतो आणि हातावर भार देताच येत नाही. आखूड असली तर माणूस त्या बाजूला कलतो. चार महिन्यांनी कंबर धरली की दोष वयाला दिला जातो. बाजारात मिळणाऱ्या ॲल्युमिनियमच्या काठ्यांना उंची कमी-जास्त करण्यासाठी ओळीने भोकं असतात. एका भोकाचा फरक साधारण इंचभराचा. तेवढ्याने खांद्याचं दुखणं लागू शकतं किंवा टळू शकतं.

दुसरी चूक हाताची. उजवा गुडघा दुखतो म्हणून काठी उजव्या हातात, असं बहुतेकांना अगदी स्वाभाविक वाटतं. 'हाउस' या गाजलेल्या अमेरिकी मालिकेतला डॉक्टरसुद्धा दुखऱ्या पायाच्याच बाजूच्या हातात काठी धरून वर्षानुवर्षं लंगडत राहिला. प्रत्यक्षात ती विरुद्ध हातात हवी. चालताना दर पावलाला शरीर क्षणभर एकाच पायावर तोललेलं असतं. त्या क्षणी कंबर दुसऱ्या बाजूला झुकू नये म्हणून खुब्याबाहेरचे स्नायू जोराने आवळले जातात. शरीराचं वजन आणि स्नायूंची ही ओढ मिळून खुब्याच्या सांध्यावर वजनाच्या अडीच ते तीन पट भार येतो. साठ किलोच्या माणसाच्या एका सांध्यावर दीडशे किलोहून जास्त! विरुद्ध हातातली काठी त्या सांध्यापासून लांब टेकते, त्यामुळे तिच्यावर दिलेला थोडा दाबही कंबर सावरायला पुरतो आणि स्नायूंना तितकी ओढ घ्यावी लागत नाही. वॉल्टर ब्लाउंट या अमेरिकी अस्थिशल्यविशारदाने 1956 मध्येच यावर निबंध लिहून काठी टाकून देऊ नका, असं आपल्या व्यवसायबंधूंना बजावलं होतं. खुबा असो की गुडघा, नियम तोच. काठी आणि दुखरा पाय एकदम पुढे, मग चांगला पाय.

जिन्यावर क्रम बदलतो. चढताना चांगला पाय आधी वरच्या पायरीवर, त्यामागून दुखरा पाय आणि काठी. उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी खाली, मग चांगला. एका हाताला कठडा मिळत असेल तर तो सोडायचा नाही. हे सगळं कागदावर सोपं दिसतं, पण सत्तरीतल्या माणसाच्या अंगवळणी पडायला कोणीतरी शेजारी उभं राहून चार वेळा करून घ्यावं लागतं.

कोणतं साधन कोणाला, हा यापुढचा प्रश्न. नुसता तोल थोडा जातो, किंवा एका गुडघ्याची झीज झाली आहे, अशांना एका टोकाची साधी काठी पुरते. काठीवर फार तर अंगाच्या वजनाचा पाव हिस्सा टाकता येतो; त्याहून जास्त आधार लागत असेल तर काठी अपुरी पडते आणि कुबडीचा किंवा वॉकरचा विचार करावा लागतो. पक्षाघातानंतर एक बाजू लुळी पडलेल्यांना तीन किंवा चार पायांची काठी उपयोगी ठरते. मात्र तिचे सगळे पाय एकाच वेळी जमिनीला टेकले तरच ती स्थिर राहते. शेणाने सारवलेली खळगेदार जमीन, अंगणातले दगड, अरुंद पायऱ्यांचा जिना अशा ठिकाणी चौथा पाय अधांतरी राहतो आणि भक्कम दिसणारी काठी डुगडुगते. शिवाय तिच्या तळाचे दोन पाय जास्त बाहेर आलेले असतात. ती बाजू शरीरापासून लांब ठेवायची असते. उलटी धरली की आपलाच पाय तिच्यात अडकतो. दुकानातून घरी आलेली काठी कोणत्या हातासाठी लावली आहे, हे कोणी पाहत नाही.

वॉकरला दोन्ही हात लागतात. घरात सपाटीवर, शस्त्रक्रियेनंतर किंवा अशक्तपणात तो मोलाचा. जिन्यावर त्याचा उपयोग नाही. त्याला धरून खुर्चीतून उठायला गेलं की तो अंगावर येतो. म्हणून हात खुर्चीच्या दांड्यांवर रेटून उठायचं आणि उभं राहिल्यावरच वॉकर धरायचा. दर पावलाला वॉकर उचलण्याइतकी ताकद दंडात नसेल, तर पुढे दोन चाकं असलेला बरा. मुंबईच्या दहा बाय बाराच्या खोलीत पलंग आणि कपाट यांच्यामधून तो जातच नाही, असंही होतं. घरातली सर्वांत अरुंद वाट किती फुटांची, हेसुद्धा अर्जावर विचारण्यासारखं आहे.

मूठ दुर्लक्षित राहते. छत्रीसारखी वळलेली मूठ हातावर अडकवायला सोयीची, पण तिच्यावर दिलेला भार दांड्याच्या सरळ रेषेत खाली उतरत नाही. आडवी, तळव्याला पसरट टेकणारी मूठ जास्त भार पेलते. दांडा वरच्या बाजूला बाक देऊन मूठ नेमकी टोकाच्या वर आणलेल्या काठ्याही मिळतात. संधिवाताने बोटं वाकली असतील तर जाड मूठ हवी. मे महिन्यात विदर्भात घामेजल्या हाताला गुळगुळीत प्लास्टिक निसटतं. तिथे लाकूड किंवा रबर बरं.

आणि शेतकऱ्याच्या हातातली वेळूची काठी? तिला हसण्याचं कारण नाही. लांब, हलकी, चिवट. छातीच्या उंचीवर धरून बांधावरून उतरताना, ओढा ओलांडताना, कुत्रं हाकताना तिच्या तोडीचं दुसरं काही नाही. अडचण घरात येते. टाइल्सवर तिचं उघडं टोक सरकतं, आणि इतक्या वर धरल्यावर खाली भार देता येत नाही. रानासाठी ती आणि घरासाठी मापाची, अशा दोन काठ्या असल्या तरी बिघडत नाही. खालच्या टोकाला जाडीनुसार रबर बसवलं तर तीही पुष्कळ सुधारते.

टोकाच्या रबराबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण सगळी काठी जमिनीला धरून असते ती त्या दोन बोटांएवढ्या गोलावर. नव्या रबराच्या तळाला वर्तुळाकार खाचा असतात. रोजच्या चालण्याने त्या झिजतात. आधी तळ गुळगुळीत होतो, मग एका कडेने रबर तिरकं झिजतं, आणि शेवटी आतली ॲल्युमिनियमची नळी बाहेर डोकावते. अशी काठी ओल्या शहाबादी फरशीवर किंवा व्हिट्रिफाइड टाइल्सवर टेकली तर ती आधार देण्याऐवजी माणसाला पाडते. बाहेरून पावसात भिजून आल्यावर रबर पुसलं नाही, तर ते दाराच्या आत पहिल्याच पावलाला घसरतं. कोकणात चार महिने अंगणातल्या चिऱ्यांवर शेवाळ असतं, तिथे तर महिन्यातून एकदा काठी उलटी करून रबर बघायलाच हवं. नवं रबर काही रुपयांत येतं, पण नळीच्या जाडीचं नेमकं मिळालं पाहिजे. सैल रबर चिखलात रुतून निघून येतं. ते तालुक्याच्या गावीही सहज मिळत नाही, म्हणून लोक सायकलच्या ट्यूबचा तुकडा तारेने बांधतात.

पांढरी काठी या सगळ्यापासून वेगळी आहे, हेही इथेच सांगून टाकायला हवं. अंध व्यक्तीची ती काठी पुढची वाट चाचपण्यासाठी आणि रहदारीला सूचना देण्यासाठी असते, अंगाचा भार घेण्यासाठी नव्हे. दृष्टी अधू आणि गुडघेही दुखरे, अशांना दोन वेगळी साधनं लागतात. खरेदीच्या वेळी हा फरक पुसला जाऊ नये.

आता कुबड्या. हाड मोडल्यावर काही आठवडे लागणाऱ्या काखेतल्या कुबड्या सगळ्यांनी पाहिलेल्या असतात. त्यांच्या वरच्या गादीला घरोघरी जुनं लुगडं किंवा टॉवेल गुंडाळलेला दिसतो. काख दुखते म्हणून. पण काखेवर भार यायलाच नको असतो! उभं राहिल्यावर काख आणि गादी यांच्यात दोन ते तीन बोटं जागा राहिली पाहिजे, कुबडीचा वरचा भाग बरगड्यांशी दाबून धरायचा आणि सगळा भार तळव्यांनी मुठीवर पेलायचा. काखेवर लोंबकळत चालणाऱ्याच्या हाताची नस दाबली जाते. आधी मुंग्या, मग बधिरपणा, आणि दुर्लक्ष केलं तर मनगट लुळं पडतं. पाय बरा होता होता हात जायबंदी झालेले रुग्ण भौतिकोपचार तज्ज्ञांना नवे नाहीत. लाकडी कुबडीचे स्क्रू आठवड्याला आवळावे लागतात, हेही घरी पाठवताना कोणी सांगत नाही.

कायमचा आधार हवा असेल तर कोपराखाली पट्टा येणारी कुबडी, म्हणजे बाजारातली एल्बो क्रच, अधिक बरी. तिचा पट्टा कोपराच्या दोन-तीन बोटं खाली बसतो, मूठ सोडली तरी ती हातातून पडत नाही, आणि काखेतल्या नसेला धक्का लागत नाही. दार उघडणं, पैसे मोजणं, नातवाचा हात धरणं जमतं. केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेच्या यादीत ती नावानिशी आहे. 1 एप्रिल 2017 रोजी आंध्र प्रदेशातल्या नेल्लोर इथे सुरू झालेली ही योजना कानपूरच्या 'ॲलिम्को' या सरकारी कंपनीमार्फत चालते. तिथे आधी तपासणी शिबिर आणि मग वाटप, असा क्रम आहे. केंद्राच्या योजनेत माणसाला तपासून साधन देतात, पण निवड त्याची नसते. राज्याच्या योजनेत निवड त्याची, पण तपासणी नाही. दोन्हीतलं चांगलं एकत्र आणणं अवघड नाही.

त्याला एक निकडीचं कारणही आहे. भारतातला पोलिओचा शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 रोजी पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यात नोंदवला गेला आणि 27 मार्च 2014 रोजी देशाला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. पण साठच्या दशकात पोलिओ झालेली मुलं आता पासष्टीत येत आहेत. कॅलिपर आणि कुबड्यांवर ज्यांनी शाळा, नोकरी, संसार सगळं केलं, ती पिढी यापुढे दरवर्षी या योजनेच्या दारात येणार. पन्नास-पन्नास वर्षं पायांचं काम केलेले त्यांचे खांदे आणि मनगटं आता कुरकुरू लागली आहेत. त्यांना कुठलीही कुबडी चालणार नाही. उलट कोणती मूठ टोचते, कोणतं रबर टिकतं, एसटीच्या पहिल्या पायरीला कुबडी आधी लावायची की पाय, हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नाही. विभागाने सल्ला घ्यायचा तर आधी त्यांचा घ्यावा.

एसटीचा विषय निघालाच आहे. ऑगस्ट 2022 पासून 75 वर्षांवरच्या प्रवाशांना एसटी मोफत आहे, 65 ते 75 वयाला निम्मं तिकीट. त्यामुळे काठी घेऊन प्रवास करणारे वाढले, हे आनंदाचंच. पण गाडीची पहिली पायरी तीच, गुडघ्याएवढी उंच. केंद्राच्या 2021 च्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार इमारतीतल्या पायरीची उंची 150 मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी आणि कठडा दोन्ही बाजूंना असावा. परिवहन हे आपलं खातं नाही. समाज कल्याणच्या सहायक आयुक्तांची कार्यालयं मात्र आपल्या अखत्यारीत येतात. काठीसाठीचा अर्ज घेऊन येणारा माणूस काठीविनाच त्या पायऱ्या चढतो, आणि त्यातल्या किती कार्यालयांच्या पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी कठडे आहेत याची यादी आठवड्याभरात मागवता येईल.

माप कोण घेणार, असा प्रश्न वित्त विभाग विचारेल. महाराष्ट्राने तरी हा प्रश्न विचारू नये. भारतातलं व्यवसायोपचाराचं, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीचं, पहिलं प्रशिक्षण 1950 मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमला निंबकर यांच्या पुढाकाराने सुरू झालं. हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था 1955 पासून चालू आहे. भौतिकोपचाराची महाविद्यालयं आज अनेक जिल्ह्यांत आहेत आणि त्यांच्या विद्यार्थ्यांना अभ्यासक्रमाच्या शेवटी इंटर्नशिप करावी लागते. ज्येष्ठांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम 2010-11 पासून आहे. त्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एकदा ज्येष्ठांची बाह्यरुग्ण तपासणी भरवण्याची तरतूद आहे. मनुष्यबळ आहे आणि जागाही आहे. अर्जाचा कागद तेवढा त्या खोलीपर्यंत पोहोचत नाही.

तेव्हा या पत्राच्या मागण्या पाच.

पहिली, अर्जावर मापाचा रकाना. उंची, मनगटापासून जमिनीपर्यंतचं अंतर, त्रास कोणत्या पायाचा, काठी कोणत्या हातात. आशा सेविकेला अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण आणि त्यासाठीचं मानधन दिलं तर हे घरी जाऊन भरता येईल. पैसे खात्यात जमा झाल्याचा निरोप मोबाइलवर जातो, त्यातच हे माप लिहून पाठवावं. म्हणजे दुकानात नातू गेला तरी आजींचा आकडा त्याच्यासोबत जाईल.

दुसरी, खरेदीनंतर एक तपासणी. बिल चढवण्यासाठी जे 30 दिवस आहेत, त्यातच आरोग्य केंद्राच्या ज्येष्ठांच्या दिवशी काठी घेऊन यावं, चालून दाखवावं, बटण योग्य भोकात आहे का ते बघून घ्यावं. भौतिकोपचाराच्या इंटर्नना त्या दिवशी तिथे पाठवता येईल. त्याच वेळी मुळात तोल का जातो, हेही विचारलं जावं. रक्तदाबाची गोळी, मधुमेहाने बधिर झालेले तळवे, मोतीबिंदू यांतलं काहीतरी त्यामागे असेल तर काठी हा त्यावरचा इलाज नाही. ज्यांना चालत येणं शक्य नाही, त्यांची तपासणी घरी.

तिसरी, रबर. प्रत्येक काठी-कुबडीसोबत दोन जादा रबरं घेण्याची अट बिलात घालावी, आणि ग्रामीण रुग्णालयांच्या औषध भांडारात प्रचलित मापांची रबरं ठेवावीत. 2019 च्या सुरुवातीला काठीवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला तेव्हा काठी स्वस्त झाली. त्या करकपातीत सरकारने जेवढं सोडलं, तेवढाही खर्च या मागणीला नाही.

चौथी, राज्याच्या यादीत एल्बो क्रच नावानिशी, ठळकपणे यावी. 'इत्यादी' या शब्दावर विसंबलं की तपासणारा कर्मचारी बिल बाजूला ठेवतो.

पाचवी, उसनवारीची सोय. पुण्या-नाशकापासून लहान गावांपर्यंत रुग्णोपयोगी साहित्य केंद्रं अनामत ठेवून वॉकर, कुबड्या, पलंग नाममात्र भाड्याने देतात. मोडलेलं हाड जुळेपर्यंत दीड-दोन महिने लागणारी कुबडी विकत घेण्यात योजनेचे पैसे घालवण्यात अर्थ नाही. विभागाने अशा केंद्रांची जिल्हावार यादी पोर्टलवर टाकावी आणि एकरकमी 3,000 रुपये वर्षानुवर्षं लागणाऱ्या वस्तूसाठी राखायला सांगावं.

यातल्या कुठल्याही मागणीसाठी योजनेची रक्कम वाढवावी लागत नाही. साधी ॲल्युमिनियमची काठी काही शे रुपयांत मिळते. ती मापाची निघाली आणि जोडीला रबरं घेतली तरी 3,000 रुपयांतून बरीच रक्कम उरते.

2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या साठीपुढच्या लोकांचं प्रमाण जवळपास 10 टक्के होतं. तेव्हापासून ते वाढतच आलं आहे, आणि योजनेच्या पुढच्या टप्प्यांतले अर्जही वाढतील. ते अर्ज छापण्याआधी, किंवा पोर्टलचा पुढचा नमुना तयार होण्याआधी, हा बदल झाला तर सोयीचं होईल. विभागाने निदान एका जिल्ह्यात तीन महिने हे करून पाहावं. किती काठ्यांची उंची बदलावी लागली आणि किती जणांच्या काठ्या चुकीच्या हातात होत्या, एवढ्या दोनच नोंदी ठेवाव्यात आणि त्या जाहीर कराव्यात. जिल्हा कोणता निवडला आणि सुरुवात कधी, हे आपल्या कार्यालयाकडून कळावं, ही विनंती.

कळावे,
आपला नम्र,
काठी टेकत चालणाऱ्यांच्या घरातला एक नागरिक

प्रत माहितीसाठी : दिव्यांग कल्याण विभाग आणि सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन